ताळा लागत नाही

अप्पांनी वही मागितली तेव्हा मला वाटलं, रामनाम लिहायला हवी असेल. चौकटीची हवी म्हणाले. शंभर पानी. आणि पेन्सिल, खोडरबर, सहा इंची पट्टी.

२०२० च्या जुलैचा शेवटचा आठवडा होता. आई-अप्पा जानेवारीत आमच्याकडे कॅलिफोर्नियात, ओकलंडजवळच्या फ्रीमाँटला आले होते, एप्रिलची परतीची तिकिटं काढून. मार्चमध्ये भारतानं आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली आणि दोघं इथंच अडकले. आईनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. अप्पांना ताब्यात घ्यायला काही उरलं नव्हतं. छत्तीस वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढलेला माणूस. चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालेला. पहिल्या महिन्यात त्यांनी कचऱ्याची गाडी किती वाजून किती मिनिटांनी येते याची नोंद ठेवली. दुसऱ्या महिन्यात परसातल्या झाडाची लिंबं मोजली. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं, की या माणसाला मोजायला काहीतरी दिलं नाही तर तो आजारी पडेल.

तेवढ्यात २३ जुलैला बेसबॉल सुरू झालं. चार महिने उशिरा, १६२ ऐवजी ६० सामन्यांचा मोसम, रिकाम्या स्टेडियमात. ओकलंडच्या मैदानावर खुर्च्यांमध्ये प्रेक्षकांचे पुठ्ठ्याचे कटआउट उभे केले होते. अप्पा दहा मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, “ही माणसं हलत कशी नाहीत गं?”

मी स्वतः २००६ साली इथं आले, तेव्हा हा खेळ मला समजला तो आकड्यांतून. एका विमा कंपनीत माझं कामच आकड्यांचं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी रोज सकाळी कालच्या सामन्याचा तक्ता वाचायचा, शेअर बाजार वाचावा तसा. मैदानावर काय चाललंय हे कळायच्या आधी मला तो तक्ता कळायला लागला. तेव्हा अप्पांनाही त्याच दारानं आत नेलं. पुठ्ठ्याच्या माणसांवरून नजर काढून म्हटलं, “अप्पा, याचा स्कोअर लिहितात. दर बॉलचा नाही, दर माणसाचा.”

ते सरसावून बसले.

लहानपणी आमच्या घरी रेडिओवर बाळ ज. पंडितांचं धावतं समालोचन लागलं, की अप्पा वही घेऊन बसायचे. मैदान दिसत नाही, बॉल दिसत नाही, तरी कुठल्या ओव्हरला कोणी किती काढले हे वहीत. बेसबॉलच्या वहीत प्रत्येक माणसाला एक चौकट, चौकटीत हिरा, हिऱ्याचे चार कोपरे म्हणजे चार बेस. माणूस पहिल्या बेसवर पोचला की एक बाजू ठळक करायची, दुसऱ्यावर गेला की दुसरी. फिरून घरी आला की हिरा भरायचा. क्षेत्ररक्षकांना एक ते नऊ नंबर. शॉर्टस्टॉपनं उचलला, दुसऱ्या बेसवाल्याकडे दिला, त्यानं पहिल्याकडे, दोन गडी बाद: सहा-चार-तीन. अप्पांना हे इतकं आवडलं की ऑगस्टमध्ये ते आईशीही त्याच भाषेत बोलायला लागले. “डबा सहाकडनं चारकडं दे.”

स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद झाला की, ‘के’ लिहायचं, आणि बॅट न फिरवताच बाद झाला तर उलटा ‘के’. का ‘के’? तर हेन्री चॅडविक नावाच्या पत्रकारानं ‘स्ट्रक’ या शब्दाचं शेवटचं अक्षर घेतलं म्हणून. हा चॅडविक १८२४ साली इंग्लंडमधल्या एक्सेटरला जन्मला, पोरवयात अमेरिकेला आला आणि बेसबॉलच्या आधी क्रिकेटच्या बातम्या लिहीत होता. बेसबॉलचा धावफलक त्यानं क्रिकेटच्या धावफलकावरून बेतला. अप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा गावाकडचं पाहुणं भेटल्यासारखा झाला.

पण याच चॅडविकनं एक घोळ घातला, आणि तो निस्तरायला अमेरिकेला शंभराहून जास्त वर्षं लागली.

पिचरनं चार बॉल पट्ट्याबाहेर टाकले आणि बॅटरनं ते सोडले, की बॅटर फुकट पहिल्या बेसवर जातो. याला वॉक म्हणतात. चॅडविकचं मन क्रिकेटचं. त्याच्या लेखी ही पिचरची चूक, त्यात बॅटरचं कसलं कर्तृत्व? आपण वाईड बॉलची धाव कधी फलंदाजाच्या नावावर लिहितो का? अवांतरात टाकतो. चॅडविकनंही वॉक बॅटिंगच्या सरासरीतून, म्हणजे बॉल मारून बेस गाठला अशा ‘हिट’ना पाळ्यांनी भागून येणाऱ्या आकड्यातून, वगळला. अंशातही नाही, छेदातही नाही. फक्त १८८७ च्या मोसमात वॉक हिट म्हणून धरायचा प्रयोग झाला. त्या वर्षी सेंट लुईसच्या टिप ओनीलची सरासरी ०.४९२ निघाली. लोकांना ते पचलं नाही, पुढच्याच वर्षी नियम गुंडाळला. आज त्याच्या नावापुढे वॉक वजा करून ०.४३५ लिहितात.

म्हणजे पुढच्या सगळ्या पिढ्या ज्या एका आकड्यावरून माणसाची किंमत ठरवत आल्या, त्यात चांगला बॉल येईपर्यंत थांबण्याची अक्कल मोजलेलीच नव्हती. ती अवांतरात गेली होती.

मी हे सांगत असताना अप्पांची पेन्सिल थांबली. “म्हणजे टनेज बघत होते,” ते म्हणाले, “उतारा बघितलाच नाही.”

ऊसपट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. एकरी किती टन ऊस निघाला हे टनेज. त्या उसाच्या शंभर किलोंतून साखर किती किलो निघाली, तो उतारा. आमच्याकडे २६५ नंबरचा ऊस आला तेव्हा शेतकरी खूश, कारण वजन जोरात. कारखाने मात्र नाकं मुरडायचे, कारण उतारा ८६०३२ सारखा लागत नाही. गव्हाणीत पडताना दोन्ही ऊसच दिसतात. अप्पांची सगळी नोकरी या फरकावर उभी होती. तेव्हा बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे टनेज आणि ऑन-बेस टक्केवारी म्हणजे उतारा, हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं. हिट मारून गेला की बॉल सोडून गेला, बेसवर पोचला की नाही ते सांग. अधिकृत आकडेवारीत ही टक्केवारी १९८४ साली आली.

“आणि बापू नाडकर्णी?” त्यांनी मध्येच विचारलं. हा त्यांचा हुकमी एक्का. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, विकेट शून्य. ओळीनं २१ षटकं निर्धाव. “विकेटच्या रकान्यात बघशील तर भोपळा. तुझ्या त्या टक्केवारीत नाशिकच्या माणसाला काय मिळालं असतं?” मी म्हटलं, चांगलंच मिळालं असतं. त्यावर ते थोडे निवळले.

ओकलंडजवळ राहणाऱ्या माणसाला २००२ ची गोष्ट टाळता येत नाही, आणि तिच्यावर सिनेमासुद्धा निघून गेल्यामुळे मी ती थोडक्यातच सांगितली. ओकलंडच्या संघाचा पगार सुमारे चार कोटी डॉलर, न्यूयॉर्कच्या यँकीजचा साडेबारा कोटींच्या घरात. बिली बीन या व्यवस्थापकानं ठरवलं, की बाजारात ज्याला भाव नाही पण उतारा आहे तो माल घ्यायचा. त्यात स्कॉट हॅटेबर्ग होता. मूळचा कॅचर, कोपराच्या दुखापतीनंतर त्याला पूर्वीसारखं फेकता येईना, म्हणून इतरांनी सोडलेला. पण तो बॉल सोडायचा सुरेख. त्याला पहिल्या बेसवर उभं केलं. ते काम त्यानं आधी केलेलं नव्हतं. त्या वर्षी संघ ओळीनं वीस सामने जिंकला. विसाव्यात, ४ सप्टेंबरला, कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० ची आघाडी घालवून ११-११ झालं आणि हॅटेबर्गनंच होमरन मारून १२-११ केलं. मोसमाअखेर १०३ विजय. मग बाद फेरीत मिनेसोटाकडून पहिल्याच झटक्यात घरी.

“बाद फेरी म्हणजे किती सामने?”

“पाचांतले तीन जिंकायचे.”

“पाच मोळ्यांवरनं उतारा काढतात होय?” अप्पा म्हणाले आणि तो विषय त्यांच्या बाजूनं संपला.

मला मात्र त्यांना दुसऱ्या एका माणसाची गोष्ट सांगायची होती. बिल जेम्स. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, डबाबंद घेवड्याच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी. रात्रभर बसून तो बेसबॉलचे आकडे मांडायचा आणि असले प्रश्न विचारायचा, जे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अमुक पिचर असताना रनर बेस जास्त चोरतात का? एखाद्या संघानं केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गावरून जिंकण्याचं प्रमाण सांगता येतं का? १९७७ साली त्यानं स्वतःच एक पुस्तिका काढली; तिच्या पंचाहत्तरेक प्रती खपल्या. या शास्त्राला ‘सेबरमेट्रिक्स’ हे नावही त्यानंच दिलं. मला वाटलं होतं, अप्पा भारावून जातील. ते म्हणाले, “कारखान्यात रातपाळीला माणूस दुसरं काय करणार? एक तर पत्ते, नाहीतर हे.” आणि मग जरा थांबून, “आम्ही पत्ते खेळलो.”

सप्टेंबरपर्यंत त्यांची दुसरी वही सुरू झाली होती. पानाच्या खाली ते एक समीकरण लिहायला लागले. मी शिकवलेलं नव्हतं. बॅटिंगला आलेली एकूण माणसं बरोबर धावा, अधिक बेसवर अडकलेले, अधिक बाद झालेले. आलेला प्रत्येक माणूस या तिघांपैकी कुठंतरी गेलाच पाहिजे. हा त्यांचा ताळा. कारखान्यात रोज तेच करायचे ते: उसातून जेवढी साखर आत आली, तेवढी पोत्यात, चिपाडात, प्रेसमडमध्ये आणि मळीत मिळून सापडली पाहिजे. सापडली नाही तर ‘अज्ञात घट’ म्हणून एक रकाना असतो, आणि तो फुगला की जनरल मॅनेजर केमिस्टला बोलावतो. इथले मुरलेले स्कोअर लिहिणारेसुद्धा हाच ताळा करतात हे मला नंतर कळलं.

त्यात त्या वर्षी नवा नियम आलेला. जादा इनिंग सुरू होताना दुसऱ्या बेसवर एक रनर आयताच उभा करायचा, सामना लवकर संपावा म्हणून. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा अप्पा उठून टीव्हीजवळ गेले. “हा कुठनं आला? हा बॅटिंगला आलाच नव्हता!” त्यांचा ताळा एकानं चुकला. दोन दिवस ते चिडलेले होते. मग त्यांनी पट्टीनं एक जादा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘आयता’.

बंटवरून आमचं पहिलं भांडण झालं. पहिल्या बेसवर माणूस आहे, कोणी बाद नाही. अशा वेळी बॅटर बॉल नुसता बॅटला टेकवतो, स्वतः बाद होतो, पण रनर दुसऱ्या बेसवर जातो. इंग्रजीत याला त्याग म्हणतात, आणि त्याग म्हटल्यावर कोण वाईट म्हणणार? परत आलेल्या बॅटरला डगआउटमध्ये सगळे टाळ्या देतात. अप्पांनीही दिली. मी म्हटलं, “नुकसान केलं त्यानं.”

हे कोणी दाखवलं, तर जॉर्ज लिंडसे नावाच्या कॅनडाच्या संरक्षण खात्यातल्या शास्त्रज्ञानं, १९६३ साली. मैदानावर असू शकणाऱ्या प्रत्येक परिस्थितीतून त्या इनिंगमध्ये पुढे सरासरी किती धावा निघतात, याचा तक्ता त्यानं मांडला. पहिल्या बेसवर माणूस, बाद शून्य: ०.८१ धावा. दुसऱ्या बेसवर माणूस, एक बाद: ०.६७. म्हणजे त्याग करून संघाच्या अपेक्षित धावा कमी झाल्या. निदान एक धाव निघण्याची शक्यता मात्र जवळजवळ तेवढीच राहते. तेव्हा शेवटच्या इनिंगमध्ये एकच धाव हवी असेल तर ठीक. तिसऱ्या इनिंगमध्ये कशाला? सत्तावीस आउट ही संघाची सगळी पुंजी, त्यातला एक स्वतःच्या हातानं देऊन टाकायचा.

“हे आकडे आणले कुठनं त्यानं?” केमिस्टचा पहिला प्रश्न, नमुना कुठला.

आणले होते त्याच्या वडिलांकडून. निवृत्त कर्नल चार्ल्स लिंडसे. रेडिओजवळ बसून ते शेकडो सामने दर बॅटरगणिक कागदावर उतरवायचे. तेव्हा अशी नोंद विकत मिळत नव्हती आणि कॉम्प्युटरवर तर नव्हतीच.

अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईला हाक मारली. “ऐकलंस का? बाप वह्या भरतोय आणि पेपर पोराच्या नावावर.”

बाकीचे आकडे त्यांनी भराभर घेतले किंवा भराभर टाकले. पिचरच्या नावावर हार-जीत लिहितात हे त्यांना अन्यायाचं वाटलं. २०१८ साली न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमनं नऊ इनिंगमागे सरासरी १.७० धावा दिल्या आणि त्याच्या नावावर विजय फक्त दहा, पराभव नऊ. कारण त्याचे बॅटर धावाच काढत नव्हते. तरी सर्वोत्तम पिचरचं साय यंग पारितोषिक त्यालाच मिळालं. वीस वर्षांपूर्वी मिळणं अवघड होतं. “ऊस वाळका यायचा शेतातनं, आणि उतारा केमिस्टच्या नावावर,” अप्पा म्हणाले. तो राग अजून ताजा होता. ‘वॉर’ नावाचा जो सर्वसमावेशक आकडा आहे, सगळं गुण-अवगुण एकत्र घोटून हा खेळाडू संघाला किती विजय मिळवून देतो हे सांगणारा, तो त्यांनी स्वीकारला नाही. दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं येतात म्हटल्यावर ते म्हणाले, लॅब कुठली खरी ते आधी ठरवा. याबाबतीत मला त्यांच्यापुढे फार बोलता आलं नाही.

मग २७ ऑक्टोबर.

वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, टेक्सासमध्ये आर्लिंग्टनला. लॉस एंजलिस डॉजर्स ३-२ नं पुढे. टँपा बे रेज हा गरीब संघ, ओकलंडचा वारसा चालवणारा, आकड्यांवर चालणारा. त्यांचा डावखुरा पिचर ब्लेक स्नेल त्या संध्याकाळी काही वेगळंच टाकत होता. आमच्याकडे पाच वाजले होते. माझी एक ऑनलाइन मीटिंग चालू होती आणि मी कॅमेरा बंद करून टीव्हीकडे बघत होते. अप्पांच्या वहीत के, के, उलटा के. डॉजर्सचे पहिले तीन बॅटर, बेट्स, सीगर, टर्नर: प्रत्येकी दोनदा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट. सहाव्या इनिंगमध्ये एक बाद झाल्यावर ऑस्टिन बार्न्सनं साधा हिट मारला. स्नेलनं दिलेला तो दुसराच हिट. एकूण पिच ७३. स्ट्राइकआउट नऊ, वॉक शून्य. रेज १-० नं पुढे.

मॅनेजर केव्हिन कॅश डगआउटमधून बाहेर आला.

स्नेल कंबरेत वाकला. अप्पा म्हणाले, “पाणी द्यायला आला असंल.”

“काढतोय त्याला.”

“का?”

का ते मला ठाऊक होतं. तोच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की बॅटर त्याला जास्त चांगलं खेळतात. हा परिणाम हजारो सामन्यांत दिसलेला. पुढचा बेट्स आता तिसऱ्यांदा येत होता. शिवाय त्या मोसमात स्नेलनं एकदाही सहा इनिंग पुऱ्या केल्या नव्हत्या; याच वेळी त्याला काढून काढून तर रेज इथवर पोचले होते. मी हे सगळं अप्पांना सांगत होते तोवर बदली पिचर निक अँडरसन आला. बेट्सनं त्याला डबल मारला, म्हणजे थेट दुसऱ्या बेसपर्यंतचा हिट. मग एक पिच कॅचरच्या हातून सुटली, बार्न्स घरी. मग सीगरचा जमिनीलगतचा फटका, पहिल्या बेसवाल्यानं घरी फेकला, बेट्स आधी पोचला. २-१. आठव्या इनिंगमध्ये बेट्सचा होमरन. ३-१, आणि अजिंक्यपद डॉजर्सचं.

सारा देश कॅशवर तुटून पडला. मी त्याच्या बाजूनं होते. अप्पांना म्हटलं, निर्णय बरोबर होता, निकाल चुकला. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. हेल्मेट घालून पडलेल्याचं डोकं फुटलं म्हणून हेल्मेट चुकीचं ठरत नाही. अठरा बॅटरांवरून स्नेलचा आजचा दिवस वेगळा आहे म्हणणं म्हणजे तुमच्याच भाषेत मोळीवरून उतारा.

अप्पा वाद घालत नव्हते. ते वहीची पानं मागं उलटत होते. बोटाला थुंकी लावून, एकेक. पेन्सिलनं खुणा करत गेले. मग वही माझ्यापुढे सरकवली.

“स्नेलचं सोड. येणाऱ्याचं बघ.”

निक अँडरसन बाद फेरीत त्याआधी ओळीनं सहा वेळा आला होता आणि सहाही वेळा त्याच्यावर धाव निघाली होती. पाठमोऱ्या सहा पानांवर, अप्पांच्या बारीक अक्षरात, सहा भरलेले हिरे. मला हे माहीत नव्हतं असं नाही. कुठंतरी वाचलेलं होतं. पण त्या क्षणी मी जाणाऱ्याचा तक्ता उघडून बसले होते, येणाऱ्याचा उघडलाच नव्हता.

मी म्हटलं, “सहाच तर वेळा. तोही नमुना लहानच.”

“मग माझी अठरा माणसं लहान आणि तुझी सहा वेळा पण लहान. दोन लहान नमुने एकाच बाजूला बोट दाखवतायत. तू त्या दोघांवर बसून तिसऱ्याच पोत्याचं वजन सांगतियस.”

रात्री जेवताना त्यांनी पॅनमनची गोष्ट काढली. नोकरीचा दुसरा हंगाम. पॅनमध्ये पाक शिजतो, त्यात साखरेचा दाणा वाढतो. पॅनमन सळईनं थोडा पाक काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो, दिव्यासमोर धरतो आणि दाणा बघतो. पॅनमन चौथी शिकलेला, अप्पा बी. एस्सी. आकडे सांगत होते पॅन सोडा. पॅनमन काच डोळ्यासमोर धरून म्हणाला, साहेब, दाणा बारीक आहे, अजून थांबू. अप्पांनी सोडायला लावला. दाणा खरंच बारीक निघाला, सेंट्रिफ्युगलवर मळी सुटेना, सगळा माल परत विरघळवावा लागला. पगारातून कापलं नाही, पण हंगामभर शिफ्टमधली माणसं त्यांना बघून काच डोळ्यासमोर धरल्याची नक्कल करायची.

आई हसली. ही गोष्ट तिनं चाळीस वर्षांत ऐकली नव्हती.

मी विचारलं, “अप्पा, आणि पॅनमन चुकला असं किती वेळा झालं?”

“होत असंल की.”

“किती वेळा?”

त्यांनी भाकरी मोडली. “ते लिहून ठेवायला रकाना नव्हता.”

फेब्रुवारीत त्यांना विमान मिळालं. वह्या चार झाल्या होत्या. सामानाचं वजन जास्त भरलं तेव्हा आईनं लोणच्याची बरणी काढली, वह्या राहिल्या.

या सगळ्या वर्षांत हा खेळ बराच बदलला. सगळ्यांनाच गणित आलं की काय होतं ते दिसलं. स्ट्राइकआउट झाला तरी चालेल पण होमरन मारा, हा हिशेब सगळ्यांना पटल्यावर २०१८ साली, बेसबॉलच्या इतिहासात पहिल्यांदा, एका मोसमात हिटपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले. बॅटर बॉल कुठं मारतो हे मोजून क्षेत्ररक्षक एकाच बाजूला उभे करायचे; २०२३ पासून नियम आला की दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं हवीतच. त्याच वर्षी पिचरच्या डोक्यावर घड्याळ लावलं आणि तीन तासांहून लांबलेला सामना दोन तास चाळीस मिनिटांवर आला. प्रत्येक संघाचा हिशेब आपापल्यापुरता बरोबर होता. बघणाऱ्याला जांभया येत होत्या, त्याचा रकाना कोणाच्याच तक्त्यात नव्हता. मला घड्याळ आवडतं. क्षेत्ररक्षकांवरचं बंधन मला अजून पटलेलं नाही. अक्कल चालवली म्हणून कोणाला शिक्षा करू नये. अप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “चांगलं झालं. सगळे एकाच बाजूला उभे म्हणजे लग्नातली पंगत.”

२६ सप्टेंबर २०२४. गुरुवार. ओकलंडच्या संघाचा ओकलंडमधला शेवटचा सामना, टेक्सास रेंजर्सशी. पुढच्या वर्षापासून संघ सॅक्रामेंटोला. मी सुट्टी टाकली, फ्रीमाँटहून बार्ट या लोकल गाडीनं कोलिझियम स्टेशनला उतरले, त्या लांबलचक पादचारी पुलावरून गर्दीबरोबर सरकत गेले. त्या दिवशी ४६,८८९ लोक आले होते, ज्या मैदानात एरवी बऱ्याचदा चार-पाच हजारच डोकी दिसायची. पिशवीत चौकटीची वही घेतली होती. अप्पांसाठी स्कोअर लिहिणार होते.

पहिल्या काही इनिंग अक्षर नीट आहे. पट्टीनं आखलेले हिरे. मग अक्षर बिघडत गेलं. शेजारच्या खुर्चीत एक म्हातारा होता, हिरव्या टोपीतला, तो दर बॅटरनंतर उठून उभा राहायचा आणि मग नातवाला काहीतरी सांगायचा, २००२ चं, त्याहून जुनं. मी अधूनमधून त्याचं ऐकत होते. ओकलंड ३-२ नं जिंकलं. कोणी घरी जाईना.

परतीच्या गाडीतून मी पानांचे फोटो काढले आणि अप्पांना व्हॉट्सॲपवर पाठवले. तिकडे पहाट होती. खाली लिहिलं: शेवटचा सामना संपला, अप्पा. दोन निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ काही नाही. युनियन सिटी गेलं. मला वाटलं, ते गहिवरले असतील.

मग फोनच आला.

“रेंजर्सचे आउट मोजलेस का?”

“का?”

“जिंकला ना आपला संघ? मग त्यांचे सत्तावीस पाहिजेत. सव्वीस भरतायत. मी दोनदा बघितलं. तुझ्या आईनं पण मोजलं.” मागून आईचा आवाज आला, सव्वीसच. “सातव्या इनिंगमध्ये दोनच बाद दाखवलेस आणि रेघ मारलीस. आयता पण नाही या सामन्यात. मग तिसरा माणूस गेला कुठं?”

मी म्हटलं, गाडीत आहे अप्पा, घरी गेल्यावर बघते.

“बघ आणि सांग. मी वहीत उतरवायचा थांबलोय.”